परक्या परटाची खूण

गंगव्वानं आयुष्यात एकदाच गिऱ्हाइकाचे कपडे न धुता परत केले. ती परटीण होती, कपडे परत करणं हे तिच्या धंद्यात बसणारं नव्हतं. पण तिला वाटलं, धर्मानं हेच बरोबर आहे. त्या धर्मानं वागण्यापायी तिच्यावर बंगळूर सोडायची पाळी आली होती, ती कशी आली आणि बाईनं ती कशी परतवली, ते सांगतो.

गंगव्वा निपाणीकडची. देवाप्पा परटाशी लग्न करून पंधराव्या वर्षी बंगळुरात आली आणि अलसूरकडच्या एका तळ्याकाठच्या घाटावर नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली. अठ्ठावन्न साली देवाप्पा तापानं गेला. मूल नव्हतं. घाटावरच्यांनी मनातल्या मनात तिचा कपडे आपटायचा धोंडा वाटूनही घेतला होता. चौदाव्या दिवशी पहाटे ही बाई पदर खोचून धोंड्यापाशी हजर. तिनं पहिली चादर आपटली आणि तो विषय तिथेच संपला.

घाटाचा कायदा सोपा होता. ज्याच्याकडे काम त्याचा धोंडा. महिनाभर धोंडा कोरडा राहिला की तो दुसऱ्याचा. गंगव्वाचा धोंडा ओला राहत होता तो एका मोठ्या कामामुळे. यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्याचं कँटोन्मेंटात गेस्ट हाऊस होतं, परदेशातून येणाऱ्या इंजिनिअरांसाठी. बारा खोल्या. चादरी, पडदे, टॉवेल आणि साहेबलोकांचे कपडे. बाकीची चार घरं होती, पण त्यांच्या धुण्यावर धोंडा आठवड्यातून दोन दिवससुद्धा भिजला नसता.

आणि धोंडा गेला तर? तर निपाणी. तिथे तिचा दीर नागनाथ होता आणि तो दर दोन महिन्यांनी पोस्टकार्ड टाकायचा. गंगव्वाला अक्षर येत नव्हतं, त्यामुळे कार्ड वाचायचे परसूकाका. परसूकाका म्हणजे घाटावरचा सगळ्यांत म्हातारा परीट, बेळगावकडचा, चौथी पास. स्वतःला कमी ऐकू यायचं म्हणून जगालाच ऐकू येत नाही असं धरून चालायचे. सगळ्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात ते वाचायचे, "वहिनीस नागनाथचा नमस्कार. एकट्या बाईमाणसानं परमुलखात राहणं शोभत नाही. इकडे यावे. दोन घास मिळतील." त्या दोन घासांच्या बदल्यात नऊ माणसांचं धुणं आणि जावेची बोलणी होती, हे गंगव्वाला माहीत होतं. तिला चीड यायची ती मात्र वेगळ्याच गोष्टीची. आपल्या घरातली गोष्ट आपल्याआधी अख्ख्या घाटाला कळते, ह्याची.

अक्षर येत नसलं तरी गंगव्वा अडाणी नव्हती. परटाची लिपी तिला येत होती. प्रत्येक घराची एक खूण असते. सुई बिब्ब्याच्या तेलात बुडवायची आणि कॉलरच्या आत, नाहीतर चादरीच्या कोपऱ्यात ती खूण काढायची. ती मरेपर्यंत जात नाही, म्हणजे कापड मरेपर्यंत. कुणाचे तीन ठिपके, कुणाची चंद्रकोर, कुणाची फुली. त्याच्याशेजारी परटाची स्वतःची खूण. गंगव्वाची खूण होती एक तिरपी रेघ आणि तिच्या दोन बाजूंना दोन ठिपके. भट्टीतून चार घरांचे कपडे एकत्र निघाले तरी ती दोन बोटांनी कॉलर उलटून सांगायची, हे सात नंबरच्या खोलीचं, हे डॉक्टरांच्या घरचं. एकदाही चुकली नव्हती.

या खुणांचाही एक कायदा होता, आणि तो सगळ्यांत कडक. ज्या कपड्यावर दुसऱ्या परटाची खूण आहे त्याला हात लावायचा नाही. जुन्या परटानं नव्या परटाला घाटावर चार माणसांत पानसुपारी दिली, म्हणजे गिऱ्हाईक सोडलं. त्याशिवाय ते धुणं म्हणजे चोरी.

चौसष्ट सालच्या डिसेंबरात सात नंबरच्या खोलीत स्वित्झर्लंडचे केलर नावाचे इंजिनिअर बायकोला घेऊन राहायला आले. त्यांचं पहिलं गाठोडं घाटावर आलं. थंडीचे दिवस, तळ्यावर धुकं. गंगव्वानं बिब्बा काढला, सुई काढली, साहेबाच्या शर्टाची कॉलर उलटली आणि सुई तशीच हातात राहिली.

तिथे खूण होती. बिब्ब्याची नव्हे, पांढऱ्या फितीवर रेशमी धाग्यानं विणलेली. एक घंगाळ, त्यात पाणी आणि एक आकडा. मग एक त्रिकोण. मग चक्क इस्त्री. मग एक गोल. तिनं दुसरा कपडा उलटला. तेच. तिसरा, चौथा. बाईसाहेबांच्या लोकरी झग्यावरही तेच, फक्त तिथे घंगाळावर आणि त्रिकोणावर काट मारलेली.

"काका, ह्ये बघा की जरा."

परसूकाकांनी शर्ट डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ नेला. "परटाचीच खूण हाय," त्यांनी निकाल दिला. "घंगाळ आन् इस्त्री परटाबिगर कोण काढंल? चार खुणा, म्हंजे चार भाऊ. धंदा एकत्र हाय त्येंचा."

"आन् ही काट?"

"त्यो भाऊ वाटणी घेऊन भाईर पडला असणार."

आज हसू येतं, पण दोघांपैकी कुणीही हसलं नाही. उलट गंगव्वाच्या मनात त्या चार भावांबद्दल आदरच दाटून आला. खूण रेशमात विणून घेणारे परीट, केवढी मोठी माणसं असतील! अशांचं गिऱ्हाईक पानसुपारीशिवाय पळवायचं म्हणजे तोंड दाखवायला जागा नाही. तिनं गाठोडं होतं तसं बांधलं आणि डोक्यावर घेऊन थेट गेस्ट हाऊस गाठलं.

गेस्ट हाऊसचे मॅनेजर प्राणेशराव. तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेल्या देशस्थांच्या घराण्यातले. घरात मराठी, पण अशी की त्यातली निम्मी कानडी. माणूस वाईट नव्हता, फक्त तक्रारीला फार भ्यायचा. एखाद्या साहेबानं भुवई उंचावली तरी ह्यांना जेवण जात नसे.

"काय गं, इतक्या लवकर धुऊन झालं?"

"धुतलं न्हाई, अण्णा. दुसऱ्या परटाचं गिऱ्हाईक हाय ह्ये. त्येंनी सोडलं असं कळू दे, मग मी धुते."

प्राणेशरावांना काही उमगेना. तेवढ्यात केलरबाई व्हरांड्यात आल्या. उंच, घाऱ्या डोळ्यांच्या, हातात सदा विणकामाच्या सुया. आपले कपडे न धुता परत आलेले बघून त्यांचा चेहरा पडला. आपल्या कपड्यांत अशी काय घाण आहे, असं त्यांना वाटलं असणार. दार लावून त्या आत गेल्या, आणि प्राणेशरावांचा तोल गेला.

"अगो, ती परटाची खूण नाही! कंपनीचं लेबल आहे ते, कापड कसं धुवायचं ते सांगणारं. आता मी साहेबाला काय सांगू? ती स्टीम लॉन्ड्रीवाली माणसं दोन महिने माझ्या मागं लागलीत. त्यांना इंग्रजी येतं, ते लेबल वाचतात. एक तारखेपासून त्यांनाच देतो सगळं. सरी, ठीक आहे, जा तू आता."

एक तारीख अठरा दिवसांवर होती. गंगव्वाला धोंडा दिसला, कोरडा, आणि त्यावर बसलेलं दुसरंच कुणी. पण ती जागची हलली नाही.

"धुवायचं कसं त्ये लिवलंय म्हनता? मग वाचून दावा."

"स्वल्प थांब." प्राणेशरावांनी चष्मा लावला. लेबल उलटं केलं, सुलटं केलं. इंग्रजी त्यांना चांगलं येत होतं, पण वाचायला तिथे अक्षरच नव्हतं. शेवटी त्यांनी केलरबाईंचं दार वाजवून, दिलगिरीची दोन वाक्यं आधी घालून, विचारलं. बाईंनी खांदे उडवले. ही चिन्हं तिकडे अलीकडेच आली होती, धुण्याबद्दलची आहेत एवढंच त्यांना ठाऊक. त्यांच्या घरी सगळं लॉन्ड्रीत जायचं.

"म्हंजे तुमाला येत न्हाई, बाईंना येत न्हाई," गंगव्वा म्हणाली. "लॉन्ड्रीवाल्याला तरी कशावरनं येतं? अण्णा, एक तारखेपर्यंत मला द्या. ह्ये काय सांगतंय त्ये मी सांगते. न्हाई सांगितलं तर माझ्या हातानं गाठोडी बांधून लॉन्ड्रीत पोचवते."

प्राणेशरावांनी दिली मुदत. नाही म्हणायलाही त्यांना भीतीच वाटायची.

परतताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. हे परटासाठी लिहिलंय. प्राणेशरावांसाठी नाही, केलरबाईंसाठी नाही, ज्याच्या हातात कापड आणि पाणी आहे त्याच्यासाठी. आणि लिहिणाऱ्यानं अक्षर एकही घातलं नाही. का नाही घातलं? त्याला ठाऊक असणार की वाचणारीला अक्षर येत नसेल. कुठल्या मुलखातला कोण तो, पण तिला तो एकदम आपला वाटला. आपल्यालाच वाचता येईल असं कुणी काही लिहिलं, हे पहिल्यांदाच घडत होतं, आणि ते न वाचता सोडायचं नाही असं तिनं ठरवून टाकलं.

घंगाळ तर सोपं होतं. त्यातले आकडे तिला खोल्यांच्या आणि बसच्या नंबरांवरून ओळखू यायचे. केलरांनी आणलेल्या चादरीवर पंचाण्णव, रंगीत झग्यावर चाळीस, लोकरीच्या मोज्यावर तीस. आता चादर ती भट्टीत उकळायची, रंगीत कापड कोमट पाण्यात घालायची, लोकर जेमतेम कोपराला ऊब लागेल अशा. जेवढा आकडा मोठा तेवढं पाणी कढत, हे तिनं अर्ध्या दिवसात काढलं. इस्त्रीतले ठिपकेही तसेच, एक ठिपका म्हणजे निवत आलेली, तीन म्हणजे रसरशीत. आणि काट म्हणजे नको. वाटणी घेऊन बाहेर पडलेला भाऊ असा घरी परत आला.

अडलं ते त्रिकोणापाशी. त्रिकोणासारखं घाटावर काहीच नव्हतं. तीन दिवस ती त्रिकोण मनात घेऊन कपडे आपटत होती. परसूकाका चेष्टा करायचे, "कळलं का गं तिसऱ्या भावाचं नाव?" ती पुढचं कापड उचलायची.

मग तिनं चिन्ह बघणं सोडलं आणि कापडं बघायला घेतली. गेस्ट हाऊसमधली मिळतील तेवढी लेबलवाली कापडं दोन ढिगांत लावली. मोकळा त्रिकोण एकीकडे, काट मारलेला दुसरीकडे. मोकळ्याच्या ढिगात सगळं पांढरं सुती. काटवाल्यात लोकर, रेशीम, रंगीत. पांढऱ्या सुतीला आपण असं काय करतो जे लोकरीला आणि रंगाला कधी करत नाही? तिनं स्वतःलाच विचारलं आणि स्वतःच्या हातांकडे बघितलं. बोटांची कातडी सोलून पांढरी पडली होती. ब्लीचिंग पावडर!

पण मनाला पटलं म्हणून प्राणेशरावांना पटणार नव्हतं. ती केलरबाईंकडे गेली. बाई विणत होत्या, आणि लोकरीच्या प्रत्येक गुंड्यावर कागदाची पट्टी होती, तिच्यावर तीच चार चिन्हं. गंगव्वानं हातवारे करून तोडून टाकलेले धागे मागितले. बाईंना कारण कळलं नाही, पण मूठभर दिले, आणि दुसऱ्या दिवशी कुतूहलानं टोपी घालून स्वतः घाटावर आल्या. त्यांचे बूट चिखलात रुतले तरी त्या मागे फिरल्या नाहीत.

धोंड्यावर ओळीनं चार वाट्या मांडल्या होत्या. एकीत कोमट पाणी, एकीत कढत सोड्याचं, एकीत ब्लीचिंग पावडरचं, एकीत नुसतं साबणाचं. प्रत्येकीत त्याच राखाडी लोकरीचा एकेक धागा. ब्लीचिंगमधला धागा गंगव्वानं काडीनं उचलला. पिवळा पडला होता, आणि उचलता उचलता तुकडे होऊन गळाला. तिनं पट्टीवरच्या काटवाल्या त्रिकोणावर बोट ठेवलं आणि बाईंकडे बघितलं. बाई मोठ्यानं हसल्या आणि ओल्या धोंड्यावर तशाच बसल्या. त्या दिवसापासून दोघींचं जमलं. भाषा एकीची दुसरीला कळत नव्हती, पण चार चिन्हांत बरंच बोलता येतं.

गोलाचा उलगडा बाईंच्या जाड लोकरी कोटानं केला. त्याच्यावर घंगाळाला काट होती, गोलाला नव्हती. म्हणजे पाणी नको, तरी धुवा. गंगव्वाला जरीच्या साड्या आठवल्या. त्या पाण्यात घालत नाहीत, कँटोन्मेंटातल्या दुकानात पेट्रोलनं साफ करून आणतात. तिनं नाक मुरडून पेट्रोलच्या वासाचा अभिनय केला आणि बाईंनी जोरजोरात मान डोलावली.

तीस तारखेला तिनं प्राणेशरावांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि तरी त्यांची भीती जाईना. शेवटी त्यांनी तोडगा काढला. साहेबाचे एकसारखे दोन नवे पांढरे शर्ट होते, दोन्हींवर चहाचे डाग पडलेले. एक लॉन्ड्रीला दिला, एक गंगव्वाला. ज्याचा शर्ट चांगला त्याचं काम.

गंगव्वानं शर्ट हातात घेतला आणि तिला हायसं वाटलं. सुती होता. पांढरा, सुती, वर चहाचा डाग. असे हजार शर्ट तिनं धुतले होते. भट्टी, ब्लीचिंग, नीळ, कडक इस्त्री. सवयीनं तिनं कॉलर उलटली. त्रिकोणावर काट होती. इस्त्रीत एकच ठिपका.

तिनं शर्ट उजेडात नेला. पुन्हा कापड चुरगाळून बघितलं, कडेचा सुटलेला एक दोरा काढून जाळून वास घेतला. सुतीच. हात सांगत होता एक आणि फीत सांगत होती भलतंच. परसूकाका म्हणाले, "विणणाऱ्यानं चुकून लावली असंल फीत. सुती हाय, टाक भट्टीत. डाग राहिला तर काम गेलं म्हणून समज."

तीस वर्षांचा हात तिचा. त्या हातानंच तिला पोसलं होतं. पण मुदत मागताना ती काय म्हणाली होती? हे काय सांगतंय ते मी सांगते. हवं तेव्हा मानायचं आणि नको तेव्हा नाही, त्याला वाचणं म्हणत नाहीत. तिला भयंकर भीती वाटत होती, आणि तरी तिनं ब्लीचिंगचा डबा उचलून परसूकाकांच्या धोंड्यामागे ठेवून दिला, हाताशीच नको म्हणून.

मग ती डागाच्या मागे लागली. कोमट पाणी, साबण, लिंबू, ऊन. पुन्हा साबण, पुन्हा लिंबू, पुन्हा ऊन. दोन दिवस तिनं दुसरं काही केलं नाही. आपटायचं नाही, पिळायचं नाही, बोटाच्या पेरानं चोळत राहायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी डाग गेला. निवत आलेली इस्त्री तिनं शर्टावरून नुसती फिरवली.

लॉन्ड्रीचा शर्ट पुठ्ठ्याच्या खोक्यात आला होता, कागदात गुंडाळून. प्राणेशरावांनी कागद सोडला. शर्ट पाठीपासून कॉलरीपर्यंत पिवळट पडला होता, आणि त्यांनी कॉलर जरा ताणली तशी ती घडीवर फाटली. लॉन्ड्रीचा माणूस म्हणाला, कापडच खराब होतं. केलरसाहेबांनी नंतर प्राणेशरावांना समजावलं की कापड सुतीच आहे, पण सुरकुती पडू नये म्हणून कारखान्यात त्यावर एक औषध चढवलेलं असतं, आणि ब्लीचिंग अन् इस्त्रीनं ते असं उलटतं. डोळ्यांना ते दिसत नाही आणि हाताला लागत नाही.

"तुला कसं कळलं गं?" प्राणेशरावांनी विचारलं.

"लिवलं होतं की, अण्णा."

त्याच आठवड्यात नागनाथचं कार्ड आलं. परसूकाकांनी वाचलं. गंगव्वा म्हणाली, "उत्तर लिवा. मी येणार न्हाई. मला काम हाय."

"आनखी?"

"एवढंच. आन् लिवलेलं मोठ्यानं वाचून दावा." काकांनी वाचलं, आणि त्या दिवशी अख्ख्या घाटानं ऐकलेलं तिला पहिल्यांदाच आवडलं.

केलर मंडळी सदुसष्ट साली गेली. जाताना बाई रडल्या, गंगव्वा रडली नाही, तिला बारा खोल्यांच्या चादरी होत्या. त्या वर्षीच्या थंडीत प्राणेशराव स्वतः स्वित्झर्लंडहून आलेलं एक पार्सल घेऊन घाटावर आले. आत राखाडी लोकरीची शाल होती, धाग्यांच्या वाट्या मांडल्या होत्या त्याच लोकरीची. त्यांनी शाल झटकली, कागद उलटेपालटे केले.

"चिठ्ठी टाकायला विसरली वाटतं बाई. काहीच लिहिलेलं नाही."

गंगव्वानं ओले हात पदराला पुसले आणि दोन बोटांनी शालीचा कोपरा उलटला. तिथे एक पांढरी फीत हातानं शिवलेली होती, टाके जरा वाकडे. एक घंगाळ, त्यात तीस. काट मारलेला त्रिकोण. एका ठिपक्याची इस्त्री. आणि शेवटी, जिथे गोल असतो तिथे, एक तिरपी रेघ आणि तिच्या दोन बाजूंना दोन ठिपके. तीस-पस्तीस वर्षं तिनं लोकांच्या कपड्यांवर खुणा काढल्या होत्या. तिच्या स्वतःच्या अंगावरच्या कापडाला खूण कधीच नव्हती.

गंगव्वाचे डोळे भरून आले. शेजारच्या धोंड्यावरून परसूकाकांनी सवयीनं हात पुढे केला.

"आण इकडं, वाचून दावतो."

"नको, काका," गंगव्वा म्हणाली. "मी वाचलं."